वूफरला कोणती वायर

पप्पांना आता फक्त जाड आवाज कळतात. ढोलकी, ट्रॅक्टर, आपटलेलं दार. परभणीला कानाच्या डॉक्टरांनी तपासणीचा आलेख दाखवला, तेव्हा बारीक आवाजांच्या बाजूला रेघ पार तळाशी गेलेली होती, जाड आवाजांच्या बाजूला थोडी वर होती. "हेही जाईल," डॉक्टर म्हणाले. कानातल्या मशीनचाही उपयोग नव्हता.

परतीच्या बसमध्ये पप्पा मला एवढंच म्हणाले, "माय, कान पुरते जायच्या आधी बबिताचं गाणं एकदा ऐकायचं हाय."

बबिता म्हणजे माझी आई. ती गेल्या वर्षी गेली.

ताडकळसला पप्पांचा केबलचा धंदा होता. भीमजयंतीचा कार्यक्रम ते कॅमेऱ्यावर घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी गावाच्या चॅनलवर लावायचे. अशाच एका कॅसेटमध्ये आई गाते. मागे कोरसला शेजारच्या नर्मदाबाई आहेत. व्हीसीआर अजून चालत होता. मी भौतिकशास्त्राची पदवीधर. मला वाटलं, पप्पांना जाड आवाज कळतात, तर जाड आवाजाचं खोकंच त्यांच्या हाताशी ठेवावं. पूर्णेहून एक जुना होम थिएटर आणला आणि त्याचा वूफर पप्पांच्या खाटेजवळ ठेवला, लहान स्पीकर टीव्हीशेजारी.

वायरीवरून मात्र आमचं जमेना. पप्पांनी माळ्यावरून डिशच्या काळ्या वायरीचं उरलेलं बंडल काढलं.

"घरात बंडल पडलंय अन् तू इकत आणायलीस? ह्याच वायरीवर अख्खं गाव टीव्ही बघत होतं."

त्यांनी स्वतः वायर सोलली, पिना बसवल्या. आखूड तुकडा टीव्हीला, चित्रासाठी. लांब तुकडा वूफरला. सगळं एका बोर्डावर घेतलं आणि बटण दाबलं.

चित्रात आडवे पट्टे सरकू लागले. वूफर घुमायला लागला, एकसारखा, न थांबता. आईचा आवाज त्या घरघरीच्या मागे कुठेतरी होता. नर्मदाबाई दारात येऊन म्हणाल्या, "सिद्धोधन, पिठाची गिरणी टाकलीस का रं घरात?"

पप्पांना ते ऐकूच आलं नाही. त्यांनी डोळे मिटून तळहात खोक्यावर ठेवला होता.

"येतंय," ते म्हणाले. "येतंय, माय."

त्यांना ढोलकी कळत असेल असं मला वाटलं. घरघर काढली तर आणखी काही कळेल, या आशेने मी कामाला लागले. दोष वायरीत होता. डिशच्या वायरीत मधली तार लोखंडाची असते, वर तांब्याचा पातळ मुलामा. डिशचा सिग्नल इतक्या वेगाने कंप पावतो की तो तारेच्या पृष्ठभागावरूनच जातो, त्यामुळे मुलामा पुरतो. वूफरचा संथ सिग्नल पूर्ण तारेतून जातो. शिवाय घरातल्या विजेची घरघर आत येऊ नये म्हणून भोवती तांब्याची दाट जाळी लागते. आमच्या वायरीला चंदेरी कागद आणि विरळ जाळी होती.

परभणीच्या दुकानात मी फ्रिजवरचं चुंबक घेऊन गेले. दुकानदार बन्सीधर बघत राहिले.

"ताई, वायर घ्यायलाव का सोनं पारखायलाव?"

"चिकटलं तर आत लोखंड आहे."

"अन् न्हाई चिकटलं तर?"

"तर टोक कापून बघायचं."

त्यांनी माझ्या हातातलं चुंबक घेऊन आणखी दोन बंडलांना लावून पाहिलं. दोन्हींना चिकटलं. "मलाच गंडवायलेत की," म्हणत ते हसले आणि आतून एक जड बंडल घेऊन आले. चुंबक चिकटलं नाही. टोक कापलं, तार आतपर्यंत लाल होती, जाळी दाट.

घरी येऊन दोन्ही वायरी बदलल्या. पप्पांनी आपली काढलेली वायर गुंडाळून उशाशी ठेवली. मी बटण दाबलं. चित्र स्वच्छ. घरघर नाही. आई आमच्या खोलीत उभी असल्यासारखी गायला लागली. गाणं ऐकून आलेल्या नर्मदाबाईंनी तोंडाला पदर लावला.

पप्पांनी डोळे उघडले. "बंद पडलं का?"

"चालू आहे, पप्पा." ते ओठ वाचतात, म्हणून मी त्यांच्यासमोर बसून सावकाश म्हणाले, "आई गातेय."

त्यांनी टीव्हीकडे पाहिलं. दुसराही हात खोक्यावर ठेवला. मग वाकून गाल टेकवला.

"ही ढोलकी हाय," ते म्हणाले. "ती कुठं गेली?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाईचा आवाज वूफरमध्ये येतच नाही. तो लहान स्पीकरांतून येतो, आणि ते पप्पांसाठी केव्हाच मुके झाले आहेत. आधीच्या दिवशी त्यांच्या तळहाताला आई म्हणून जे लागलं, ती घरातल्या विजेची घरघर होती.

"माझी वायर काढलीस अन् बिघडवलंस," पप्पा म्हणाले. रागाने नाही.

मी बटण बंद केलं. टीव्हीची नवी वायर तशीच ठेवली, म्हणजे आई स्वच्छ दिसेल. वूफरची काढली. पप्पांच्या उशाशी ठेवलेली काळी वायर घेतली आणि तिच्या पिना आत दाबल्या. नर्मदाबाई माझ्या हातांकडे बघत होत्या.

बटण दाबलं. खोकं घुमलं.

"हां," पप्पा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

नर्मदाबाई उठून लहान स्पीकरपाशी गेल्या आणि त्याला कान लावून बसल्या.

गाणं संपलं. टाळ्या झाल्या, कॅसेट संपली, पडदा निळा झाला; खोकं मात्र घुमतच होतं. पप्पांचा तळहात खोक्यावरच होता आणि मान हळूहळू डोलत होती.

"लय लांबवलं आज बबितानं," ते म्हणाले.

मी बोर्डापर्यंत गेले. बटणावर बोट ठेवलं, आणि तशीच उभी राहिले.