उरलेला ढग

“म्हंजी तारं तयार झालं, की ढगालाच हाकलून देत्यात?” मानेवरची फाउंड्रीची काळी वाळू साबणाने घासत धम्मपाल म्हणाला.

“हाकलत न्हाईत रं दादा. पेटलं की त्यांचा उजेडच लय कडक. वारं सुटतं, आन भोवतीचा गॅस पांगतो. ज्यातनं जल्मलं त्योच.”

“झ्याक पांग फेडलं की!” तो हसला.

प्रियदर्शनी हसली नाही. पुण्यात ती गॅसच्या ढगांतून तारे कसे जन्मतात यावरच संशोधन करत होती, आणि उद्या संध्याकाळी वस्तीच्या विहारात तिला हेच सांगायचं होतं. मोबाइलवर लिहिलेलं भाषण त्याला वाचून दाखवताना एक वाक्य तिने टाळलं. त्याच्या ते ध्यानात आलं. ओल्या हातानेच त्याने मोबाइल घेतला आणि वाचलं : पहिले मोठे तारे पेटले, की ढगातला बहुतेक गॅस तारा न होताच पांगतो.

वडील गेले तेव्हा तो दहावीला होता, गणितात तिच्याहून हुशार. त्या जूनपासून तो कुपवाडच्या फाउंड्रीत साचे फोडतो. ओतलेलं लोखंड निवलं, की भोवतीची वाळू पाडून ते मोकळं करायचं. त्या पगारावर ती शिकली.

“हे मी गाळणार हाय,” ती म्हणाली.

“का? खोटं हाय?”

“खरं हाय.”

“मग?”

“तू येणार न्हवं उद्या?” एवढंच तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी निघायच्या घाईत त्याने एक साचा गरम असतानाच फोडला. आतलं लोखंड वाकलं. “भैनीचं लगीन हाय काय रं?” म्हणत सुपरवायझर बाळासोने त्याला सगळ्यांदेखत झाडलं आणि थांबवून घेतलं.

उशिरा सुटून, अंगही न धुता, तो तसाच विहाराच्या दारात येऊन उभा राहिला. उतरतं ऊन त्याच्याबरोबर आत शिरलं आणि प्रोजेक्टरने भिंतीवर पाडलेलं ताऱ्यांचं चित्र पुसट झालं. म्हाताऱ्या सुलाबाई विचारत होत्या, “पोरी, समद्या ढगाचं तारं हुत्यात का गं?”

प्रियदर्शनीने दाराकडे पाहिलं.

“न्हाई आत्ती,” धम्मपाल म्हणाला. “थोडक्याचंच हुत्यात. सांग की गं पुढचं.”

“आत ये, दादा.”

“कापडं बघ माजी. सतरंजी काळी हुईल.”

“दार तरी लाव गड्या, तारं दिसंनात!” कुणीतरी ओरडलं.

त्याने बाहेर होऊन दार ओढून घेतलं. आत भिंतीवर निळे तारे हळूहळू उजळले. प्रियदर्शनी पुढचं सांगू लागली, दाराबाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.