सिंधूच्या गोळ्या

दारू मी पीत होतो, वीस वर्षं. माझ्या बायकोनं, सिंधूनं, कधी थेंब तोंडाला लावला नाही. तिला फक्त शुगर होती.

मागच्या दिवाळीनंतर सेनगावला लिव्हर तपासणीचं शिबिर लागलं. सिंधूनं मला बळजबरीनं नेलं. मी एकटा आत जाईना, म्हणून तिनंही नाव लिहिलं. सुई नाही, नळी नाही. कुशीला मशीन टेकवतात, बरगडीत टिचकी मारल्यासारखं होतं आणि आकडा येतो. लिव्हर जितकं कडक, तितका आकडा मोठा. माझा सहा आला. सिंधूचा एकतीस.

डॉक्टरांनी तिला सांगितलं, आतल्या नसांत दाब वाढलाय, अन्ननळीतली नस फुटू शकते. दाब कमी ठेवायला रोज एक गोळी, चुकवायची नाही. मी म्हटलं, आमच्या कागदांची अदलाबदल झाली. ते म्हणाले, शुगरनंही लिव्हर असं होतं. मला पटलं नाही. सिंधूलाही नाही.

घरी आल्यावर आम्ही ठरवून टाकलं की एकतीस माझाच. भीतीनं मी त्याच दिवशी दारू सोडली. गोळ्याही मीच घेऊ लागलो. रोज सकाळी सिंधू गोळी आणि पाणी हातात द्यायची. मला गरगरायचं, तर ती म्हणायची, औषध लागू पडून राहिलं. दारू सुटली म्हणून आमच्या साखरा गावात लोक माझं कौतुक करायचे आणि मला ते आवडायचं.

चैत्रात तिला रक्ताची उलटी झाली. हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी शिबिराचा कागद बघून तिला विचारलं, गोळी रोज घेत होता का? आमची लेक साधना शेजारीच उभी होती. सिंधूनं सांगितलं,

"व्हय, रोज."

दुसऱ्या दिवशी ती गेली.

आता पुन्हा शिबिर लागलंय. साधनालाही शुगर आहे. चल म्हटलं तर ती तडकली.

"काहून जाऊ, आबा? आईनं रोज गोळी खाल्ली. काय झालं?"

पाच महिने मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं.

"तिनं न्हाई खाल्ली, बाई. तिच्या गोळ्या म्या खाल्ल्या."

तिनं हळूच विचारलं, "आईला माहीत होतं?"

"तिच्याच हातानं देत होती. दोघांलाबी वाटलं, कागद माझा हाय. पण दवाखान्यात तिला समजलं होतं. तरी तिनं माझं नाव घेतलं न्हाई."

साधना आत गेली. शुगरचे कागद पिशवीत घालून बाहेर आली आणि चपला घातल्या. मी उठायला लागलो.

"तुमी नका येऊ," ती म्हणाली.