तीन बाटल्या आणि वहिनीचं नाक

वहिनीचा पुस्तकबांधणीचा धंदा घराच्याच पुढच्या खोलीत चालायचा. हिवाळ्यात तिला सणकून ताप आला, आणि उतरताना तो नाकातला वास घेऊन गेला. येईल आपसूक, म्हणत तिने कुणाला पत्ता लागू दिला नाही.

नवऱ्याच्या साठाव्या वाढदिवसाला खिशाला झेपेल, पण पाहुणे नाकं मुरडणार नाहीत अशी स्कॉच हवी होती. शाळेची बस चालवणारी धाकटी नणंद तीन ब्लेंडेड बाटल्या घेऊन आली. रविवारी दुपारी दोघी कागद कापायच्या टेबलाशी बसल्या. नणंदेने पाठमोरं होऊन कप भरले.

"डोळे मीट. आधी नुसता वास घ्यायचा."

वहिनीने पहिल्या कपात नाक खुपसलं. "छान आहे. मऊ."

"मधासारखी, नाही?"

"अगदी मध."

"वहिनी, त्यात नुसतं पाणी आहे."

वहिनीने डोळे उघडले.

"परवा तुझी चिकटवायची खळ आंबून घाण मारत होती आणि तू तीच पुठ्ठ्याला फासत होतीस. तेव्हाच मनात पाल चुकचुकली."

"दादाला सांगणार आहेस?"

"ते तू सांगायचंस. कधीपासून?"

वहिनीने सगळं सांगितलं. बोलता बोलता हलकं वाटलं.

"जिभेला तर कळतं ना?" नणंदेने उरलेले कप पुढे सरकवले. पहिली स्कॉच गोडसर होती, पोटात गेल्यावर ऊब देणारी. दुसरी जिभेला झोंबली; चमचाभर पाणी घातल्यावर वठणीवर आली. तिसरा कप तोंडाशी नेताना वहिनी थबकली. तिने पुन्हा श्वास ओढला.

"यात धूर आहे का गं? ओलं लाकूड पेटल्यासारखा?"

"आहे. मला तर ठसकाच लागला."

वहिनी कप नाकाशी धरून बराच वेळ बसली. वास अगदी पुसट होता, मध्येच हरवायचा, पण होता.

पाहुण्यांसाठी गोडसर स्कॉच ठरली. संध्याकाळी नवरा आला तेव्हा वहिनीने आपणहून त्याला सगळं सांगितलं. तो खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला.

"एवढे दिवस एकटीच निस्तरत होतीस? उद्या डॉक्टरकडे जाऊ."

"दुपारी जाऊ," वहिनी म्हणाली. "सकाळी ताजी खळ शिजवायची आहे. वास घ्यायला तुम्ही जरा शेजारी उभे राहा."