शेळीची सोनोग्राफी

हे तुम्हांला पटायचं नाही, पण आमच्या शेळीची सोनोग्राफी झालेली आहे. तीही कायदा मोडून. मी, धुळाजी, तलवाड्याच्या माळावर साठ वर्षं शेरडं राखणारा माणूस, जीवनलासुद्धा हेच सांगितलं.

जीवन म्हणजे युसूफ वडगावच्या सुंदररावांचा थोरला. दोन पोरींचा बाप. परवा दुपारी जीप घेऊन माझ्या दारात आला, नवसाचा बोकड बघायला.

"पोरगा झाला की कापायचा, आबा. अंजनाला पाचवा लागलाय. उद्या कळंलच. बद्रीनाथ गाडी पाठवतोय."

बद्रीनाथचं नाव ऐकलं आणि माझं टाळकं सरकलं. सुंदररावांनी वेशीजवळच्या भिंतीवर स्वतःच्या नावासकट 'लेक वाचवा' रंगवून घेतलंय. त्याच भिंतीच्या सावलीत हा एजंट गाडीत बायका भरतो.

"बोकड दितो," मी म्हणालो, "आदी बस. ऐकून जा."

तो लिंबाखाली बसला. माझी सून योगिता, रामेश्वरची बायको, दारात ज्वारी पाखडत होती.

"सात वर्सं झाली. ही आमची योगिता तिसऱ्यांदा पोटुशी. पयल्या दोन पोरी. रामेश्वरनं ह्याच बद्रीनाथला गाठलं. आमी गेलतो एका शेतातल्या आखाड्यावर. रानातली खोली, खिडक्यांना गोणपाट. डॉक्टरची सनद सरकारनं काढून घेतलेली, मशीन मातर त्याच्यापाशीच. बद्रीनाथ म्हनला, पोरगा का पोरगी ते डॉक्टर तोंडानं सांगत न्हाई, गुन्हा हाय. तुमी शेरडावाली माणसं, तुमच्या बोलीत सांगंल. पोरगा असला तर 'बोकड', पोरगी असली तर 'पाट'."

"डोकं हाय बद्रीनाथला," जीवन म्हणाला.

"डोकं कसलं बे? आमच्यात पाट झाली की गूळ वाटतेत. पाट कळप वाढिवती. बोकड कोन ठिवतंय? त्यो कसायाचा. तूच आलास ना न्यायला?"

जीवन ओठात हसत होता.

"मंग मी काय केलं, संगं एक गाभण शेळी नेली हुती."

"कावून?"

"माणसाला सोबत लागती. योगिताला म्हनलं, तू तुरीत जाऊन बस. खाटंवर शेळी आडवी केली, वरडू नये म्हनून तोंडात बाभळीच्या शेंगा कोंबल्या, वरून गोधडी. डॉक्टर घाईत. पोटावर हात ठिवला आन् म्हनला, केस लई हायत. म्हनलं, साहेब, घोंगडं हाय ते, थंडी भरलीय तिला."

जीवन मांडीवर थाप मारून हसला. मला हसू येत नव्हतं. मला आमच्या शेजारच्या विमलबाईची लेक आठवत होती. तिच्या पोटातलं बाळ खरंच बिघडलं होतं, काढायला कायद्याची परवानगी होती. पण पाचव्या महिन्याचं नाव काढलं की दवाखाने घाबरतात. दोन दवाखान्यांनी हात लावला नाही, तिसऱ्यात पोचेस्तोवर ती पोर पांढरीफटक पडली होती. जिला हक्क आहे तिला दारं बंद, आणि जिला नको आहे तिला घरून न्यायला गाडी येते. ही सगळी चीड मी गोष्टीत ओतत होतो आणि समोरचा खिदळत होता.

मी आणखी पेटलो. "डॉक्टरनं ती नळी फिरवली. म्हनला, जुळं हाय. एक बोकड, एक पाट. बद्रीनाथचं तोंड बघाया पायजे हुतं. त्यो इचारतो, डॉक्टरसाहेब, पाट तेवढी काढता येईल का?"

"मंग?"

"डॉक्टर म्हनला, तसली मशीन अजून निघाली न्हाई. आन् मी सांगतो, निघाली तर पयली तुमच्या वडगावात इंल, जीवनराव, आन् तुमचे वडील फीत कापतेल."

हे त्याला लागेल असं मला वाटलं होतं. त्यानं फक्त डोळे पुसले.

"पन आबा, एक सांगू? शेळीच्या पोटातलं बी बरोबर वळखलं म्हना की त्यानं. म्हंजी मशीन पक्की हाय. मला उगंच शंका हुती."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. सांगायला गेलो काय आणि बद्रीनाथचीच जाहिरात करून बसलो.

"आरं, मशीनचं सोड," मी घाईघाईनं म्हणालो. "बोकड हाय म्हनून आमाला सुखरूप घरी सोडलं. पोरगी वाचली का न्हाई? सत्यशीला नाव ठिवलंय. पयलीला हाय. धडाधडा पाढे म्हनती."

सुपाचा आवाज थांबला होता. योगिता उठून लिंबापाशी आली.

"कोन सत्यशीला, मामा?"

मी जमिनीकडं बघत राहिलो. ती जीवनकडं वळली.

"दादा, माझ्या दोनच पोरी हायत. डॉक्टर पाट म्हनला, तवा मी दारातनं मामांकडं बघितलं. म्हनलं, जन्मभर शेरडाच्या पाटी सांभाळलेला माणूस हाय, ह्यो तरी म्हनंल, पाट हाय, ऱ्हाऊ द्या. मामा तंबाखू मळत हुते. मान वर केली न्हाई. उद्या अंजनाताईला नेताल, तवा तुमी बी असंच बाहेर बसताल. म्हनून सांगते. तितं खाटंवर शेळी नव्हती. मी हुते."