हवालदार कुठे झोपतो

मांजरीची गादी दोन बोटांत धरून ताईने मागच्या पायरीवर नेऊन आपटली. धूळ उडाली, केस उडाले आणि त्यातून एक पिसू टुणकन उडी मारून पायरीच्या फटीत शिरली.

"बघ! आपल्या डोळ्यांनी बघ!"

धाकटी बहीण दारात उभी राहून पोटरी खाजवत होती. बेकरीतून येऊन तिला जेमतेम दहा मिनिटं झाली होती, भुवयांवर अजून मैदा होता. गुडघ्यांपासून खाली दोन्ही पायांवर लाल फोड उठले होते.

"औषध घातलंय गं तिच्या मानेवर. डॉक्टरबाईंनी दिलेलंच. दोनदा घातलं."

"मग या आल्या कुठून? आभाळातून पडल्या?"

"मला काय माहीत?"

"मला माहीत आहे. नऊ वर्षं या घरात जनावर आहे. एक पिसू कधी दिसली नाही. तुझी राणीसाहेब आली आणि सुरू झालं."

राणीसाहेब म्हणजे ती पांढरी मांजर. ती शिलाई मशीनवर बसून पंजा चाटत होती.

"राणीसाहेब आली आणि मीही आले. तेही म्हण ना," धाकटी म्हणाली.

ताईला म्हणायचं तेच होतं, पण समोरच्याने आधीच म्हणून टाकल्यावर त्यात काय मजा राहिली?

खरं दुखणं पिसवांचं नव्हतंच. दुखणं होतं हवालदाराचं.

हवालदार हा ताईचा कुत्रा. नाव मोठं, लक्षण खोटं. घरात चोर शिरला असता तर त्याच्यापुढे उताणं पडून या पठ्ठ्याने पोट खाजवून घेतलं असतं. पण डोळेसुद्धा न उघडलेलं ते पिल्लू ताईने बुटांच्या खोक्यात घालून घरी आणलं होतं. तीन आठवडे ड्रॉपरने दूध पाजलं होतं. लोकांचे कपडे शिवता शिवता, पायाशी त्याचं घोरणं ऐकत तिची नऊ वर्षं गेली होती.

आठ महिन्यांपूर्वी धाकटी नवऱ्याचं घर सोडून आली, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात मांजरीची टोपली. "राहा हवं तितके दिवस," ताई म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. पण पहिल्याच आठवड्यात रात्रीचं जेवण झाल्यावर हवालदार उठला, अंग झाडलं आणि धाकटीच्या खोलीत निघून गेला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

धाकटी पहाटे पाचला बेकरीत जायची. ताई सातला उठायची, तेव्हा हा धाकटीच्या सतरंजीवर ऐसपैस पसरलेला. माणूस खोलीत नाही आणि हा तिच्या नुसत्या वासावर पडून! ताईने दारातून हाक मारली की शेपूट दोनदा जमिनीवर आपटायचा. उठायचा नाही.

ताईने त्याला उकडलेली अंडी घालून पाहिली. अंडी खाल्ली, ताट चाटलं आणि गेला. खायला ताई आणि लोळायला धाकटी. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, ती मनात म्हणायची. बावन्न वर्षांची बाई कुत्र्यावरून बहिणीवर जळते हे कुणाला सांगायची सोय नव्हती. पण जळत होती, अगदी आतून जळत होती. म्हणून घरात पिसवा झाल्या तेव्हा तिला बरंच वाटलं. बोट दाखवायला काहीतरी मिळालं.

फवारणी केली ती फक्त धाकटीच्या खोलीत. औषध घातलं ते फक्त मांजरीला. "हवालदाराला कशाला? त्याला काही झालेलं नाही," ताई म्हणाली. आपला तो बाब्या. वर पुरावा म्हणून तिने बाह्या सरकवून हात दाखवले. "माझ्या अंगावर आहे का एक तरी फोड? माझी खोली स्वच्छ आहे."

आणि आज, गादी आपटून झाल्यावर, ती म्हणाली, "हे असं किती दिवस चालायचं? कपडे टाकायला येणाऱ्या बायका उद्या पाय ठेवणार नाहीत घरात."

"बेकरीच्या वर एक खोली रिकामी आहे," धाकटी शांतपणे म्हणाली. "मालकीणबाईंनी विचारलं होतं. मांजर चालेल म्हणाल्या. शनिवारी टेम्पो सांगते."

"मी जा म्हटलेलं नाही."

"नाही म्हटलंस."

थांब म्हणावं असं ताईच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात हवालदार आला आणि धाकटीच्या पायाला अंग घासून उभा राहिला. ताईने गादी उचलली आणि कडकडीत पाण्याच्या बादलीत बुडवली.

शुक्रवारी ती आणखी जालीम औषध मागायला जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"कुत्र्याला कधी घातलं औषध?"

"कुत्र्याला नाही घातलं."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "घरात जनावरं दोन आणि औषध एकालाच? चोर सोडून संन्याशाला फाशी झाली ही तर."

"अहो, पण माझ्या खोलीत एकही पिसू नाही. मला चावतच नाहीत."

"चावत असतील. कित्येकांच्या अंगावर फोडच उठत नाही, त्यांना पत्ताही लागत नाही. असं करा, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घाला आणि एकेका खोलीत पाच पाच मिनिटं फिरा. पिसवा उबेवर उडी मारतात, पांढऱ्यावर लगेच दिसतात. जिथे जनावर रोज तासन् तास झोपतं, तिथे सगळ्यात जास्त मिळतील. तिथली काळी कणी, म्हणजे पिसवांची घाण, ओल्या कापसावर घ्या. लाल झाली, तर ते रक्त."

शनिवारी सकाळी मोजे चढवून ताई आधी धाकटीच्या खोलीत गेली. पुरावा आधी तिथलाच हवा होता. धाकटी पलंगावर बॅग उघडून कपड्यांच्या घड्या करत होती.

"हे काय?"

"चाचणी."

ताई सतरंजीवरून येरझाऱ्या घालत राहिली. पाच मिनिटांनी वाकून पाहिलं तर मोज्यांवर दोन पिसवा. दोनच! स्वयंपाकघरात एकही नाही. शिलाई मशीनपाशी एक. मग निव्वळ उपचार म्हणून ती आपल्या खोलीत शिरली आणि पलंगाच्या कडेने फिरू लागली.

पाच मिनिटं थांबायची गरजच पडली नाही. घोट्यापासून वर मोज्यांवर काळे तीळ सांडावेत तशा पिसवा होत्या.

तिने जमिनीपर्यंत लोंबणारी चादर वर केली आणि पलंगाखालची कापडांची ट्रंक ओढली. ट्रंकेपर्यंत ती रोज झाडायची, पलीकडे केरसुणी जात नसे. टॉर्च मारला. भिंतीलगत, बरोबर तिच्या उशीच्या खाली, शिवणकामातल्या चिंध्या ओढून आणून गोल घरटं केलेलं होतं. त्यावर तपकिरी केसांचा जाड थर होता. मधे हवालदाराच्या आकाराचा खळगा. कडेने काळी कणी. तिने थोडी चिमटीत घेऊन ओल्या कापसावर टाकली. कापूस लाल झाला.

ताई तिथेच फरशीवर बसली. आधी लाज वाटायला हवी होती. आधी वाटला तो आनंद, इतका की तिने तोंडावर हात दाबला. रोज! रोज रात्री तो इथे येत होता. लाज मागाहून आली, आणि चांगली सणसणीत आली.

ती मोज्यांसकट धाकटीच्या दारात गेली.

"हवालदार माझ्या पलंगाखाली झोपतो."

धाकटीने घडी मोडली नाही की मान वर केली नाही. "माहीत आहे."

"माहीत आहे? कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. मी त्याला पावाची कड देते, कान खाजवते, दार लोटून घेते. तुझा दिवा विझला की तो नाकाने दार उघडतो आणि जातो. पहाटे मी उठले की परत येतो, पावासाठी. मग इथेच लवंडतो."

"आणि बोलली नाहीस? मी तुला घराबाहेर काढायला निघाले होते गं!"

धाकटीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"तू माझ्यावर जळत होतीस, ताई. जन्मात कधी कुणी जळलं नाही माझ्यावर. घर तुझं, धंदा तुझा, कौतुक तुझं. नवराही म्हणाला होता, तुझ्यापेक्षा तुझी बहीण बरी." ती हसली, पण हसू काही जमलं नाही. "म्हटलं, जळते आहे तर जळू दे. बरं वाटायचं."

ताईला रागवायचं होतं. राग शोधूनही सापडला नाही. धाकटीने जळावं असं आपल्याकडे काही आहे हे आठ महिन्यांत तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाहेर टेम्पो उभा राहिला. ती मोज्यांवरच पायरीवर गेली.

"सामान काढायचं ना, ताई?" टेम्पोवाल्याने फाळका पाडत विचारलं.

"सामान जाणार नाही. पिसवा झाल्यात घरात."

तो दोन पावलं मागे सरला. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या दोघीजणी थांबल्या. "मांजरीच्या ना?" त्यांतली एक म्हणाली. "तुम्ही म्हणत होतात खऱ्या."

"नाही," ताई म्हणाली. आतल्या खोलीपर्यंत जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "माझ्या कुत्र्याच्या. माझ्या खोलीत."

"अगं, सांगायचं तर सांग," आतून धाकटीचा आवाज आला, "पण निदान मिरवू तरी नकोस!"