लांबीची मदार

त्या सकाळी मला कोणी पुसलं नाही. एरवी केर काढून झाला की या घरातली आई खिडकीशी यायची, मला ओल्या फडक्याने पुसायची आणि पुन्हा काचेला पाठ लावून उभं करायची. ती दवाखान्यात होती तेव्हा मुलगी हे काम करत होती. त्या दिवशी दुपारी बाप-लेक परत आले. बाबा चपला न काढताच खुर्चीत बसले. मुलीने आईचा चष्मा माझ्याशेजारी ठेवला. चष्मा एकटाच घरी आला, यावरून मला कळायचं ते कळलं.

मित्रांनो, मी एक जुना उंट आहे. बोटभर उंचीचा, पिवळ्या प्लास्टिकचा. कपडे धुण्याच्या पावडरीच्या डब्यात पूर्वी बक्षीस म्हणून एकेक प्राणी घालत, त्यांतला मी. मला घडवताना साच्यात हवा अडकली. पाठीवर मदार उठलीच नाही आणि मी सपाट राहिलो. कामगाराच्या हे लक्षात आलं तोवर आमच्यातले मोजकेच डब्यांत गेले होते. बाकीचे त्याने पुन्हा वितळवले. त्याची नजर जरा उशिरा पडली, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

आईचं तेव्हा नवीन लग्न झालं होतं. तिने डबा बादलीत उपडा केला आणि मी फेसात पडलो. बाबा खिडक्यांना काचा बसवायचं काम करत. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी मला निरखून पाहिलं आणि हा उंट नाही, गाढव आहे, असा निकाल दिला.

"घरात एक आहे तेवढं पुरे," आई म्हणाली. "असा दुसरा कुणाकडे नाही. एक दिवस कळेल तुम्हाला याची किंमत."

बाबा यावर वर्षानुवर्षं हसले. याच्यासाठी तबेला बांधू का, याचा विमा काढू का, असं तिला विचारत राहिले. आईने आपलं म्हणणं काही सोडलं नाही.

पुढे मुलगी शाळेत जाऊ लागली. प्राण्यांच्या धड्याच्या वेळी तिने मला वर्गात नेलं आणि सगळा वर्ग हसला. घरी येऊन तिने मला दप्तरातून काढलं ते थेट पलंगाखाली भिरकावलं. आई रागावली नाही. तिने मला शोधून काढलं, बाबांच्या कामाच्या पिशवीतून थोडी लांबी घेतली आणि खाली बसली. लांबी म्हणजे काच चौकटीत घट्ट बसावी म्हणून कडेने भरतात तो मऊ लगदा. वाळला की दगडासारखा होतो. त्याचा गोळा आईने माझ्या पाठीवर ठेवला आणि अंगठ्याने दाबून दाबून मदार केली. ती जराशी डावीकडे कलली. हे काय लावलंस, मुलीने विचारलं.

"उंची कमी पडत होती," आई म्हणाली, "म्हणून लांबी लावली."

मुलगी रडता रडता हसली. बाबांना तर जेवताना ठसका लागला. दुसऱ्या दिवशी कामावर त्यांनी हे सगळ्यांना सांगितलं. लांबी वाळल्यावर मी पुन्हा वर्गात गेलो. या वेळी कोणी हसलं नाही. मित्रांनो, खरं सांगायचं तर उंट मी तेव्हा झालो.

आई गेल्यानंतर काही महिन्यांनी मुलीला फोनवर माझ्या एका भावाचं चित्र दिसलं. तसाच पिवळा, सपाट पाठीचा, पण काचेच्या पेटीत ठेवलेला. तिने जुनी खेळणी पारखणाऱ्या एका गृहस्थांना घरी बोलावलं. मला विकायचं कोणाच्याच मनात नव्हतं. बाबांना एवढंच जाणून घ्यायचं होतं, की आई म्हणायची ते खरं होतं का.

पारखी आले. त्यांचे हात हलके होते. भिंग लावून त्यांनी माझ्या पोटावरची साच्याची खूण वाचली. असे आपण आजवर दोनच पाहिले, असं ते म्हणाले. बाबा खुर्चीत ताठ बसले. मग भिंग माझ्या पाठीवर आलं.

"हे कोणी चिकटवलं? यामुळे किंमत पार उतरली हो."

पण काळजीचं कारण नव्हतं. औषध लावून ते हा गोळा हळूहळू मऊ करून काढणार होते. खाली पाठ जशीच्या तशी निघाली, तर या सबंध इमारतीच्या काचा बदलता येतील एवढी रक्कम येईल, असं त्यांनी सांगितलं आणि मला नेण्यासाठी हात पुढे केला.

बाबांनी भिंग मागून घेतलं. लांबीवर अंगठ्याच्या रेषा उमटलेल्या होत्या. ते बराच वेळ बघत राहिले.

"साहेब, लांबी काढली की काच सुटते," बाबा म्हणाले. "राहू दे."

पारख्यांनी आग्रह केला नाही. मला दोन्ही हातांनी परत दिलं. त्यांचेही माझ्यावर उपकार आहेत.

मित्रांनो, साचा चुकला म्हणून मी दुर्मीळ झालो. त्यात कोणाचीच कर्तबगारी नाही. मदार मात्र मला एका बाईने आपणहून दिली. तुमच्या घरात एखादी वाकडी, डागाळलेली, ठिगळ लावलेली वस्तू हाती लागली, तर ती घासायला घेण्याआधी मोठ्यांना विचारा, ही अशी कशी झाली.

पारखी गेल्यावर बाबा मुलीला म्हणाले, आईचं खरं होतं. एवढी वर्षं हसण्यावारी नेलं, पण खरं होतं तिचं. मुलीने मान हलवली.

आईला ते सांगायचं राहिलं आहे.