आठाचं दान

चौसष्ट सालच्या माघात वारा रुसून बसला होता. नेरजवळच्या खळ्यावर वच्छलाबाईची तूर बडवून पडलेली, आणि पश्चिमेला आभाळ काळवंडत होतं. दिवस मावळायच्या आत ती उपणून घरात गेली नाही, तर तिथंच कुजणार.

म्हणून तर इंजिनं दुरुस्त करणाऱ्या गुलाम नबीनं हातानं फिरवायचा पंखा जोडून आणला होता. चाक फिरवलं की वारा, आणि वाऱ्याच्या तोंडाशी टिनाच्या पाच पट्ट्या. प्रत्येक पट्टी वर-खाली सरकवायला नऊ भोकं. वारा नेमका वळला की भुसा उडावा, दाणा खाली पडावा. पण दाणाही भुशासंगं पळत होता.

"किती तऱ्हेनं लावता येतात ह्या पट्ट्या?" त्याच्या बायकोनं, सईदानं विचारलं.

त्यानं कोळशानं फळीवर गुणाकार मांडला. "एकोणसाठ हजार एकोणपन्नास."

"मंग बसा पोरीच्या लग्नापर्यंत!"

सईदाच्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. पाच चिंचोक्यांवर खुणा करून तिनं थैलीत टाकले. हाती येईल ती पट्टी. मग चार कवड्या फेकायच्या. जितक्या उताण्या, तितकी भोकं ती पट्टी पुढं सरकवायची; नवव्यानंतर पुन्हा पहिलं. सूपभर तूर टाकून पाहायची. दाणे कमी उडाले तर तसंच ठेवायचं, नाहीतर पट्टी मागं.

"जुगारानं मशीन चालते काय वं?"

"जुगारात हरलेलं गेलंच म्हना. मी तं हरलेलं परत घेऊन राह्यली."

दुपारपर्यंत भुशात जाणारी सहा मुठी तूर दोन मुठींवर आली. मग गाडी रुतली. कोणतीही पट्टी हलवा, वाईटच.

"आन इकडं," म्हातारी वच्छलाबाई म्हणाली. तिनं थैलीतून एक चिंचोका काढला, कवड्या फेकल्या. चारी पालथ्या.

'एकही उताणी नाही, म्हणजे हलवायचं नाही,' सईदानं मनात धरलं. तोवर म्हातारीनं टाळी वाजवली. "आठ!"

"माय, हा पटाचा खेळ नोहे."

"चारी पालथ्या म्हंजे आठच. माह्या सासूनं शिकवलं मले." आणि चिंचोक्यावरची पट्टी तिनं पहिल्या भोकातून थेट नवव्यात नेली. सईदा सूप घेऊन वळली, तर म्हातारीनं पदर धरला. "थांब ना वं! आठ पडले की आनखी दान भेटते."

दुसरा चिंचोका तिसऱ्या पट्टीचा निघाला. तीन उताण्या.

"आता दाने पार दारव्ह्याले जातीन," गुलाम नबी हसला आणि त्यानं चाक फिरवलं.

भुसा धुक्यासारखा उठला. दाणा छनछन खाली आला. भुशात शोधून शोधून सात दाणे सापडले.

शेवटचं पोतं दारात गेलं आणि आभाळ गरजलं. सईदानं मात्र थोडी न उपणलेली तूर मागं ठेवली होती. ओसरीत पंखा मांडून तिनं त्या दोन पट्ट्यांतली एक परत जुन्या भोकात नेली. दाणे उडाले. ती पुढं आणून दुसरी मागं नेली. उडाले. दोघी पुढं आणल्या, खाली पडले.

"एकेकटी वाईट, दोघी मिळून चांगल्या. काहून असं?"

"जावा असतीन," वच्छलाबाई म्हणाली. "एकटी एकटी भांडते, दोघी मिळून शंभर मानसाचा सैपाक उरकते."

गुलाम नबीनं खिशातून खिळे काढले. "ठोकून टाकतो. झाली मशीन."

सईदानं हातोडीवर हात ठेवला. "दूर कुठं पट्ट्यायले याच्याहून चांगली जागा असली तं?"

"सातच दाने गेले, सईदा!"

"सात गेले ना."

त्यानं फळीवरच्या आकड्याकडं पाहिलं. खिळे खिशात टाकले, आणि थैली हलवून तिच्यापुढं धरली.